राऊळांच्या नाकाची नक्कल

सहदेव राऊळांच्या नाकाला मुलुंडच्या एका कंपनीत तेहतीस वर्षं पगार होता. बाकीचे राऊळ त्या नाकाबरोबर नाहूरहून जात-येत असत, इतकंच.

कंपनी साबण-शाम्पू करणाऱ्यांना कच्चा माल पुरवायची. तिचं नाव सांगून उपयोग नाही, कारण ते कुठल्याच वडीवर छापलेलं नसतं. वडिलांची गिरणी संपानंतर परत उघडली नाही तेव्हा, म्हणजे श्याऐंशी साली, राऊळ तिथे पिंपं ढकलायला लागले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी एक पिंप ढकलायचं नाकारलं. आतला माल खवट आहे, म्हणाले. पिंप बंद होतं, वर सील होतं आणि सांगणारा दहावी नापास होता, म्हणून साहेबांनी त्यांना चार शब्द सुनावले आणि मग माल तपासायला पाठवला. चार दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला. त्यात तेच लिहिलं होतं, फक्त इंग्रजीत. त्यानंतर राऊळांना कोणी पिंप ढकलायला सांगितलं नाही.

त्यांना एक पांढरी खोली, एक पांढरा कोट आणि कागदी पट्ट्यांचा गठ्ठा मिळाला. पट्टी मालात बुडवायची, नाकाखाली धरायची आणि वहीतले चार रकाने भरायचे: खवट, आंबूस, करपट, मासळी. शून्य म्हणजे माल निर्दोष, नऊ म्हणजे पिंप परत. ह्या चार रकान्यांवर राऊळांचा संसार उभा राहिला, नाहूरला दीड खोलीची जागा झाली आणि मुलगी ऋतिका शिकून बोरिवलीला सासरी गेली.

वास घेणाऱ्यांसाठी नियम होते. पान नको, तंबाखू नको, डोक्याला सुवासिक तेल नको, डब्यात कच्चा कांदा नको. नियम पुण्याच्या एका साहेबांनी केले होते. त्यांनी पुष्कळ विचार करून यादी केली, पण सुकट, म्हणजे वाळवलेली बारकी मासळी, तिच्यात नव्हती, कारण सुकट घेऊन कोणी कामावर येईल हे त्यांच्या मनातच आलं नाही. राऊळ कुडाळकडचे. आठवड्यातले चार दिवस त्यांच्या डब्यात रुक्मिणीबाईंच्या हातची सुकटीची चटणी असायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खोट काढायची सवय काही पांढऱ्या कोटाबरोबर खुंटीला टांगून येता येत नाही. घरी पानावर बसलं की राऊळ मान किंचित खाली घालत आणि निकाल देत. खोबरं कालचं आहे. तेल दुसऱ्यांदा तापवलंय. कोकम पावसात भिजलेलं दिसतंय. निकाल बरोबर असे, हेच त्यातलं वाईट. चुकीचं बोलणाऱ्या नवऱ्याशी निदान भांडता तरी येतं. ऋतिकाला बघायला पाहुणे आले होते, तेव्हाही राऊळांनी सोलकढीची वाटी नाकाशी नेली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की नारळ उतरलेला आहे. पाहुण्यांनी वाट्या हळूच खाली ठेवल्या. लग्न जमलं, पण रुक्मिणीबाई नऊ दिवस बोलल्या नाहीत. एकूण तीस-बत्तीस वर्षं त्या नवऱ्याला वाढून झालं की ओट्याशी पाठ टेकून उभ्या राहत आणि पहिला घास खाली उतरेपर्यंत श्वास धरत.

अठरा साली कंपनीने यंत्र आणलं. मिक्सरपेक्षा थोडी मोठी पेटी, आत बारा बारक्या चकत्या. प्रत्येक चकतीवर वेगळ्या धातूच्या ऑक्साइडचा थर. मालाची वाफ लागली की चकतीतून जाणारी वीज कमी-जास्त होते, प्रत्येकीची वेगवेगळी, आणि बाराजणींची मिळून त्या वासाची एक खूण तयार होते. पण ती खूण चांगल्या मालाची की वाईट, हे पेटीला कळत नाही. ते माणसाने सांगावं लागतं. तोवर पांढऱ्या खोलीत राऊळांशिवाय दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून माणूस म्हणजे राऊळ.

आठ महिने राऊळ आणि पेटी शेजारी शेजारी बसले. एकच बाटली आधी पेटी हुंगायची, मग राऊळ. राऊळ आकडे सांगायचे आणि तेजल वानखडे ते कॉम्प्युटरवर चढवायची. तेजल घाटकोपरची, नुकती एम.एस्सी. होऊन कंपनीत लागलेली. अशाच पेट्या आता दुधाच्या डेअरीत लागतात, चहाच्या गोदामात लागतात, माणसाच्या श्वासावरून आजार ओळखायचेही प्रयत्न चाललेत, असं ती बाटल्या बदलता बदलता सांगत असे. राऊळ ऐकून घेत आणि पुढची पट्टी बुडवत.

"काका, तुमच्या नाकाची कॉपी करतोय आम्ही," ती एकदा म्हणाली.

"करा ना," राऊळ म्हणाले. "ओरिजिनल तर माझ्याकडेच राहणार."

एकोणीस साली शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन राऊळ निवृत्त झाले. एकवीसच्या एप्रिलमध्ये त्यांना ताप आला. ताप नऊ दिवसांत उतरला. वास गेला तो मात्र गेलाच.

त्या साथीत मजल्यावरच्या आणखी सहाजणांचा वास गेला होता. सगळ्यांचा महिन्याभरात परत आला, अगदी ज्यांना त्याचा काही उपयोग नव्हता त्यांचासुद्धा. राऊळ रोज सकाळी हिंगाची डबी उघडून बघत. डबी दिसायची. डॉक्टर म्हणाले, येईल. राऊळांनी वाट पाहिली आणि कोणाला सांगितलं नाही. तेहतीस वर्षं ज्याच्या जिवावर खाल्लं ते नाक गेलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

शिवाय दुसरं एक कारण होतं आणि खरं कारण तेच होतं. तापातून उठल्यावर रुक्मिणीबाईंनी पहिल्यांदा वाढलं, तेव्हा त्या नेहमीसारख्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. राऊळांनी सवयीने मान खाली घातली. ताटातून काहीच वर आलं नाही. काहीतरी बोलायला तर हवं होतं.

"छान झालंय," ते म्हणाले.

रुक्मिणीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी आपलं पान घेतलं आणि त्या समोर जेवायला बसल्या. लग्न झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. त्यानंतर दोन्ही वेळेला "छान झालंय" सुरू झालं. रुक्मिणीबाई खुलल्या. सुकटीची चटणी शेजाऱ्यांकडे वाटीने जायला लागली, गणपतीत सोसायटीच्या मोदकांची उकड त्या स्वतः पुढे होऊन काढायला लागल्या. आता खरं सांगायचं म्हणजे ते सगळं "छान" परत घ्यायचं. राऊळांची तेवढी छाती नव्हती.

त्यांनी एकच खबरदारी घेतली. महिन्याच्या आत स्वयंपाकघरात गॅसगळती सांगणारं यंत्र बसवलं. बिल्डिंगमधलं ते पहिलं. कधी कधी ते फोडणीलाही ओरडायचं. पूर्वी कोणाला गॅसचा संशय आला की राऊळांना बोलावणं यायचं; आता बोलावणं आलं की राऊळ सांगत, "माणसाच्या नाकाचा भरवसा नाही. यंत्र घ्या." एवढा मोठा नाकवाला असून किती नम्र, असं लोकांना वाटलं आणि चौघांनी यंत्र घेतलं. सेक्रेटरी यज्ञेश ठक्करांकडचं एका दुपारी खरोखर वाजलं. नळी उंदराने कुरतडली होती. त्याचंही श्रेय राऊळांच्या नाकालाच गेलं.

चार वर्षं अशी निभावली. मग तेजलचा फोन आला. ती आता त्या विभागाची प्रमुख होती.

"काका, मशीनने माती खाल्ली," ती म्हणाली. राजकोटच्या गिऱ्हाइकाने शाम्पूच्या मालाची सतरा पिंपं परत पाठवली होती. माल बिघडून त्याला सुक्या बांगड्याचा वास मारत होता, आणि पेटीने मासळीच्या रकान्यात शून्य दिलं होतं. तेजलने जुन्या वह्या काढून पाहिल्या. खवट, आंबूस, करपट ह्यांत राऊळांचा हात धरणारा कोणी नव्हता. मासळीच्या रकान्यात मात्र त्यांनी तेहतीस वर्षांत एकच्या वर आकडा लिहिलेला नव्हता. पूर्वी खोलीत शहा नावाचे गृहस्थ बसत, मासळी ते पकडायचे. ते निवृत्त झाल्यावर हा रकाना कोणाच्या ध्यानातच राहिला नाही. राऊळांना त्या वासात कधी खोट दिसली नव्हती. तो त्यांच्या डब्याचा, घराचा, गावच्या पडवीचा वास होता. आणि पेटीने राऊळांकडून सगळं घेतलं होतं, सुकटीसकट.

"तीन दिवस या," तेजल म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय, तुम्हीच सुधारा. ह्या वेळी मासळीही खोट धरायची."

फोन स्पीकरवर होता. "येतले, येतले," रुक्मिणीबाई आतून म्हणाल्या. राऊळांना तोंड उघडायला जागाच उरली नाही.

पहिल्या दिवशी पांढऱ्या खोलीत बसल्यावर राऊळांना कळलं की आता वाट लागली. पट्टी नाकाखाली धरली की पट्टी दिसत होती, बाकी काही नाही. पण देव कुठल्या ना कुठल्या रूपात धावून येतो म्हणतात. इथे तो औषधांच्या कपाटाच्या काचेत आला. पेटीचं तोंड तेजलकडे होतं, राऊळांना दिसू नये म्हणून मुद्दाम वळवलेलं. पण पेटीवर एकूण खोटीचा आकडा लाल अक्षरांत उमटायचा, जुन्या लिफ्टमध्ये असतात तसा काड्याकाड्यांचा, आणि तो समोरच्या काचेत पडायचा. काचेत आकडे उलटे दिसतात, हे राऊळांनी अर्ध्या तासात जमवून घेतलं. डोळे मिटायचे, पट्टी दोनदा हलवायची, डोळे उघडून विचारात पडल्यासारखं कपाटाकडे बघायचं आणि आकडा सांगायचा. कधी नव्हे ते त्यांना आपल्या नाकापेक्षा चष्म्याचं जास्त कौतुक वाटलं.

म्हणजे आता पेटी राऊळांना शिकवत होती, जे राऊळांनीच पेटीला शिकवलं होतं, आणि कंपनी दोघांनाही चहा देत होती.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी तेजलने पेटी बंद केली.

"काका, बहात्तर बाटल्या झाल्या," ती म्हणाली. "मशीन जे बोलतं तेच तुम्ही बोलता. पूर्वी एकच बाटली तुम्हाला दोनदा दिली तर तुमचं स्वतःशीसुद्धा एवढं जमायचं नाही."

"अनुभव," राऊळ म्हणाले.

"फक्त मशीनने दोन दिले की तुम्ही पाच सांगता. पाच दिले की दोन. अकराच्या अकरा वेळा." तिने पेटी पुन्हा सुरू केली. लाल काड्यांचा दोन उमटला. ती वळली आणि कपाटाकडे बघितलं. काचेत स्वच्छ, सरळ पाच दिसत होता. बाकीचे आकडे काचेत वेडेवाकडे दिसतात म्हणून राऊळांनी ते उलटवून घेतले होते. दोन आणि पाच मात्र काचेतही शहाण्यासारखे दिसत होते, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवला होता.

"आणि आजच्या सहा बाटल्या राजकोटच्या पिंपातल्या होत्या," तेजल म्हणाली. "मी झाकण उघडलं तर वॉचमन आत येऊन विचारून गेला, काय मेलंय म्हणून. तुम्ही शून्य दिलंत."

राऊळांनी हातातली पट्टी टेबलावर ठेवली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तापापासून. चार वर्षं झाली."

"घरी माहितेय?"

"नाही." मग राऊळांनी तिला ओट्याला टेकून उभ्या राहणाऱ्या रुक्मिणीबाईंची गोष्ट सांगितली, सोलकढीची सांगितली, "छान"ची सांगितली. सांगता सांगता त्यांना रडू आलं. ते त्यांनी कागदी पट्टीने टिपलं, कारण हाताशी तेवढंच होतं.

तेजलने घड्याळ बघितलं. "डब्यात काय आहे?"

"सुकट. म्हणजे दिसतेय तरी सुकट."

"द्या चिमूटभर. मशीन कुठे चुकतं हे दाखवायला मला नमुना हवाच आहे." तिने चटणी बाटलीत घातली, बाटली पेटीला लावली. चार मिनिटं पंप घुरघुरला. मग चिठ्ठी बाहेर आली. खवट शून्य. आंबूस शून्य. मासळी शून्य. करपट दोन.

"सुकटीत मासळी शून्य," तेजल वाचून म्हणाली. "झकास. ह्याची झेरॉक्स मी रिपोर्टला लावणार. ते करपट-बिरपट सोडा काका, चटणी हा त्याचा विषयच नाही."

राऊळ मात्र चिठ्ठी दोन्ही हातांत धरून बसले. सात वर्षांपूर्वीच्या राऊळांनी आजच्या राऊळांचा डबा हुंगला होता आणि निकाल दिला होता. त्यांनी चटणीचा घास घेतला, जिभेवर घोळवला. तिखट लागलं, मीठ लागलं. करपट कुठे आहे ते काही सापडलं नाही.

"आता ह्याला नवीन नाक लावावं लागणार," तेजल म्हणाली. "राजकोटवाल्यांचाच एक माणूस मागवते, उद्या येईल. त्याला पट्टी कशी धरायची ते तुम्ही शिकवा. शिकवायला काय वास यावा लागतो?"

"आणि हे आतलं जुनं नाक?"

"पुसायचं असतं खरं." तिने राऊळांच्या तोंडाकडे बघितलं. "नाही पुसत. वेगळं ठेवते." आणि तिने राऊळांच्या देखत कॉम्प्युटरवर नाव टाइप केलं: राऊळ काका, जुने.

संध्याकाळी घरी आल्यावर राऊळांनी चप्पलसुद्धा काढली नाही. दारातच उभे राहिले. रुक्मिणीबाई भांडी पुसत होत्या.

"गो, माका वास येणा नाय," ते म्हणाले. "तापापासना. चार वर्षां मी तुका खोटा सांगलंय."

रुक्मिणीबाईंनी हातातलं पातेलं पुसून पूर्ण केलं.

"माका ठावक हा," त्या म्हणाल्या.

"कधीपासना?"

"तुमी गॅसचा यंत्र घेवन इलात तेव्हाच. तुमच्यासारख्या नाकवाल्याक यंत्र कित्याक लागता? मगे एकदा मुद्दाम खवट खोबरा घातलंय वाटपात. तुमी छान म्हणालात आणि दोनदा मागून घेतलात."

"मगे बोललंस नाय ती?"

"काय बोलतलंय? पयल्यांदा बरा वाटला. जल्मात कधी आयकाक मिळाला नव्हता." त्यांनी पातेलं फळीवर ठेवलं आणि तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "मगे भिंतीक वाढल्यासारख्या वाटाक लागला."

ह्या चार वर्षांत आपण बायकोला सुख देतोय असं राऊळांना वाटत होतं. त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून ओट्यावर ठेवली. रुक्मिणीबाईंनी हात पुसले, चष्मा लावला.

"ह्या कोणी दिल्यान?"

"माझ्या नाकान. जुन्या."

त्यांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग राऊळांच्या पिशवीतून डबा काढला, उघडला आणि तळाशी राहिलेल्या चटणीचा वास घेतला.

"लसूण करपली होती," त्या हळू म्हणाल्या. "ऋतिकाचो फोन इलो, मी तव्याकडे पाठ करून बोलत रवलंय." मग पदर डोळ्यांना लावला. "दोन कित्याक? तीन देवक होये होते."

चिठ्ठी त्यांनी देवाच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याखाली ठेवली. रात्रीच्या जेवणाला राऊळ "छान" म्हणाले नाहीत, आणि दोघं समोरासमोर बसून बराच वेळ जेवली.

सकाळी निघताना डबे दोन होते. एक नेहमीचा, आणि दुसरा ऋतिकाच्या लहानपणीचा, बारका, स्टीलचा.

"ह्यो त्या पेटीक," रुक्मिणीबाई म्हणाल्या. आत काय घातलंय ते सांगायला त्या तयार नव्हत्या.

दुपारी सव्वाबाराला राऊळांनी घरी फोन केला. रुक्मिणीबाईंनी पहिल्याच घंटीला उचलला, म्हणजे त्या फोनपाशीच बसलेल्या होत्या.

"खवट चार," राऊळ म्हणाले. "खोबरा कालचा हा."

पलीकडून त्यांनी सोडलेला श्वास ऐकू आला.

"परवाचा," त्या म्हणाल्या. "मेल्याचा नाक अजून तसाच आसा."